काळी कोंबडी आणि चरबी

‘काळी आहे, म्हणजे चरबी नाही,’ असे ऐकून आपण बुऱ्हाणपूरकर कोंबडीला जादा पैसे मोजतो. आम्हाला येथे सावध करावेसे वाटते.

झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा काळेपणा गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट झाल्याने येतो. तो गुण प्रभावी असल्यामुळे संकरित पिल्लेही काळी निघू शकतात. चरबी मात्र अनेक जनुकांवर, तसेच वय व दाण्यावर ठरते. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलो भरतो. कडकनाथ पाच-सहा महिन्यांतही त्याहून हलकाच असतो.

म्हणून विकत घेताना रंग पाहून भागत नाही, वंश व वय विचारावे. पाळताना मका बेताने घालावा. शिजवताना कातडी व पोटातील चरबी काढून टाकावी. हृदयरोग्याला यानेच खरा लाभ होईल.