भाड्याचं मैदान

सानपाड्याहून सायन-पनवेल महामार्गाला लागलं आणि जुईनगर मागे पडलं, की नेरूळजवळ डी. वाय. पाटील स्टेडियमचं छत दिसायला लागतं. ४ मार्च २००८ ला खुलं झालेलं, हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांनी आखलेलं हे स्टेडियम. छताचा सगळा भार मागच्या बाजूने पेललेला असल्यामुळे प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे खांब येत नाही. वानखेडेच्या गॅलरीत मान तिरकी करून सामने बघितलेल्या पिढीला याचं अप्रूप कळेल. पहिल्याच वर्षी आयपीएलचा अंतिम सामना इथे झाला, आणि तेव्हापासून हे क्रिकेटचं स्टेडियम म्हणूनच ओळखलं जातं.

पण फुटबॉलच्या खात्यावरही त्याची नोंद काही थोडीथोडकी नाही. इंडियन सुपर लीगचा पहिला अंतिम सामना २० डिसेंबर २०१४ ला इथेच झाला. भरपाई वेळेत मोहम्मद रफीकने हेडरवर गोल केला आणि कोलकात्याने केरळला हरवलं. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचा माली विरुद्ध स्पेन हा उपांत्य सामना इथला. २०२२ मध्ये तर फेब्रुवारीत महिलांच्या आशियाई चषकाचा आणि ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा, असे दोन अंतिम सामने एकाच वर्षात झाले. एवढं सगळं होऊनही आज इथे एकही फुटबॉल क्लब घर करून राहिलेला नाही. आमच्या भागातल्या फुटबॉलवेड्यांची खरी ठसठस तीच आहे.

मुंबई सिटी एफसीने पहिले दोन हंगाम इथे काढले. १८ ऑक्टोबर २०१४ ला घरच्या पहिल्याच सामन्यात पुण्याला ५-० असं धुतलं आणि आंद्रे मॉरित्झने लीगमधली पहिली हॅट्ट्रिक केली. पुढच्या वर्षी सुनील छेत्री याच हिरवळीवर खेळला. मग २०१६ मध्ये क्लबने बाडबिस्तरा गुंडाळला आणि अंधेरीचं शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल गाठलं. कुठे चाळीस-पन्नास हजारांचं स्टेडियम आणि कुठे सात-आठ हजारांचं! पण त्याच वर्षी दिएगो फोर्लान आला, संघ साखळीत अव्वल ठरला, आणि अंधेरीच्या छोट्या गॅलरीतून जो आवाज उठला तो नेरूळच्या भल्यामोठ्या वाडग्यात कधी उठला नव्हता.

तेव्हापासून वाद सुरू आहे. सानपाडा, वाशी, नेरूळचे लोक म्हणतात, ज्या स्टेडियममध्ये छप्पर आहे, पार्किंग आहे, तिथे चार पैसे टाका आणि परत या. पश्चिम उपनगरवाले म्हणतात, आहे तिथेच स्टँड वाढवा, छत घाला, स्वच्छतागृहं सुधारा. हार्बर लाइनच्या माणसाचं दुखणं साधं आहे. साडेसातच्या सामन्यासाठी सानपाड्याहून कुर्ला, कुर्ल्याहून घाटकोपर, तिथून मेट्रोने आझाद नगर. आणि सामना संपल्यावर हाच प्रवास उलटा, घड्याळाकडे बघत. पंचेचाळिसाव्या मिनिटाला निघायचं की नव्वदाव्या, हा प्रश्न ज्याला पडतो त्याच्यापुढे ‘वातावरणा’चं कौतुक करू नये.

तरीही क्लबचं नेरूळ सोडणं मला चूक वाटत नाही. कारण भूमितीत आहे. फुटबॉलचं मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. ते क्रिकेटच्या गोलात बसवलं की मध्यरेषेच्या दोन्ही टोकांना निदान तीस मीटरची मोकळी हिरवळ उरते. गोलच्या मागे त्याहून बरीच कमी. म्हणजे फुटबॉलमध्ये जी जागा सर्वांत मोलाची, मध्यरेषेसमोरची, तीच इथे खेळापासून सर्वांत लांब. थ्रो-इन घेणाऱ्या खेळाडूचा चेहराही दिसत नाही. अंधेरीत तो खेळाडू चेंडू पुसतो तेही दिसतं आणि त्याला दिलेल्या शिव्या त्याला ऐकूही जातात. हे अंतर खुर्च्या बदलून किंवा रंगरंगोटी करून कमी होत नाही.

दुसरी गोष्ट हिरवळीची. क्रिकेटची खेळपट्टी चिकण मातीची, रोलर फिरवून दगडासारखी केलेली. फुटबॉलला एकसारखी, पाय रुतणार नाही पण गुडघाही फुटणार नाही अशी जमीन हवी. एकाच मैदानात दोन्ही नांदवायचं म्हणजे दर हंगामात उखडा आणि पुन्हा लावा. त्यात गाण्याचे कार्यक्रम. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम इथे झाले. त्याआधी २०१७ मध्ये जस्टिन बीबर, २०१९ मध्ये यूटू. मालकाला दोष कसा देणार? एवढी मोठी वास्तू वर्षभर सांभाळायची तर रात्री भाड्याने द्याव्याच लागतात, आणि सात-आठ हजार प्रेक्षक आणणारा फुटबॉल क्लब त्या रांगेत फार पुढे उभा राहू शकत नाही.

आता मुद्द्याचं. चाहते ‘क्लबने स्टेडियमवर किती खर्च केला’ असं विचारतात. त्याआधी विचारायला हवं की क्लबचा भाडेकरार किती वर्षांचा आहे. नवी मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपली अख्खी वसाहत सिडकोच्या साठ वर्षांच्या लीजवर उभी राहिली; सोसायटीची इमारत पुनर्विकासाला निघाली की पहिली फाइल लीजचीच उघडते. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस घरमालकाच्या स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा बसवत नाही. नेरूळचं स्टेडियम डी. वाय. पाटील समूहाचं, अंधेरीचं संकुल महापालिकेचं. क्लब दोन्हीकडे पाहुणाच.

२०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, सिटी फुटबॉल ग्रुपने, मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला तेव्हा अनेकांना वाटलं, आता अंधेरीत क्रेन लागणार. पैसा आला, पण खेळाडूंवर आणि प्रशिक्षकांवर. २०२०-२१ मध्ये साखळीची शील्ड आणि चषक दोन्ही मिळाले, २०२२-२३ मध्ये पुन्हा शील्ड, २०२४ मध्ये कोलकात्यात जाऊन मोहन बागानला ३-१ ने हरवून पुन्हा चषक. कपाट भरलं, गॅलरी होती तेवढीच राहिली.

आता गंमत बघा. खुद्द मँचेस्टर सिटीचं एतिहाद स्टेडियमही त्यांच्या मालकीचं नाही. २००२ च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं ते स्टेडियम तिथल्या नगर परिषदेचं. क्लब २००३ मध्ये भाडेकरू म्हणून आला. पण लीज अडीचशे वर्षांची! म्हणून तर उत्तरेकडच्या स्टँडवर नवा मजला, शेजारी हॉटेल, क्षमता साठ हजारांच्या पुढे, आणि खर्च तीस कोटी पौंडांच्या आसपास. दोन्हीकडे भाडेकरूच, आणि २०१९ नंतर काही वर्षं मालकही तेच होते. फरक पडला तो कराराच्या मुदतीने. उलट शेजारच्या मँचेस्टर युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड त्यांच्या स्वतःच्या मालकीचं, तरी मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर छतातून धबधबा कोसळताना सगळ्या जगाने पाहिला. तेव्हा मालकी म्हणजे सगळ्यावरचं औषध, असंही नाही.

अंधेरीच्या मर्यादेची किंमत २०२३ मध्ये कळली. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या निकषांत अंधेरी बसेना, म्हणून घरचे सामने पुण्यात बालेवाडीला गेले. फक्त अल-हिलालविरुद्धचा सामना ६ नोव्हेंबरला नेरूळला झाला. नेमार येणार म्हणून उड्या पडल्या होत्या. तो गुडघा दुखावून घरी बसला आणि मुंबई ०-२ ने हरली. पण त्या रात्री हार्बर लाइनवर निळे शर्ट दिसले आणि सानपाड्यातली पोरं शेवटच्या शिट्टीपर्यंत थांबून आरामात घरी आली.

एक उलटा योगायोग सांगायचा राहिला. डॉ. डी. वाय. पाटील मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले. त्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पाटाकडील आणि खंडोबा, दिलबहार आणि शिवाजी तरुण मंडळ अशा स्थानिक संघांच्या लढतींना माणूस माणसाला खेटून बसतो. ना छत, ना बकेट खुर्ची. महाराष्ट्रात फुटबॉलची खरी गर्दी तिथे, आणि छप्पर इथे.

माझं मत विचाराल तर अंधेरीत निदान पंचवीस वर्षांचा करार होईपर्यंत सिमेंटवर एक रुपया घालू नये. तोवर पैसा हिरवळीवर, पिण्याच्या पाण्यावर आणि बायकांच्या स्वच्छतागृहांवर जावा. हे खर्च मैदान सोडावं लागलं तरी वाया गेले असं होत नाही. मोठे सामने नेरूळला आणावेत, वर्षाला दोन-तीन, आणि त्यांची तारीख हंगामाआधीच सांगावी. आणि हंगामी तिकीट विकताना क्लबने त्याच कागदावर मैदानाचा करार कधी संपतो ती तारीख छापावी. चाहत्यांनी यंदा खुर्च्यांच्या रंगाऐवजी त्या तारखेवर भांडावं.