मधुमेही स्त्रीचें बाळंतपण

मधुमेही सुनेच्या किंवा लेकीच्या प्रसूतीच्या वेळीं एक देखावा घरच्या वडीलधाऱ्यांना हटकून बुचकळ्यांत पाडतो. एका नळीनें तिच्या शिरेंत ग्लुकोजचें पाणी, म्हणजे साखरच, जात असते. आणि दुसरीनें साखर उतरविणारें इन्सुलिन! हा उफराटा व्यवहार कशासाठीं? मी पेशानें शाळामास्तर, वैद्य नव्हे. तथापि या प्रश्नाचें उत्तर समजण्यास कठीण नाहीं.

आईच्या रक्तांतील साखर वारेंतून गर्भाकडे सहज जाते. इन्सुलिन मात्र जात नाहीं. सारी गोम येथेंच आहे. आईची साखर चढली कीं गर्भाचीही चढते, आणि ती आवरण्यासाठीं तो स्वतःचें इन्सुलिन अधिक निर्माण करूं लागतो. कोपनहेगनचे डॉ. पेडरसन यांनीं १९५२ च्या सुमारास ही उपपत्ति मांडली. जन्मतांच नाळ कापली जाते व साखरेचा ओघ तुटतो. इन्सुलिन मात्र बाळाच्या अंगांत तसेंच उरतें. मग पहिल्या कांहीं तासांत त्याची साखर एकाएकीं खालीं येते. बाळ थरथरतें, मलूल पडतें, दूध ओढीत नाहीं. कित्येकदां तर बाहेरून कांहींच दिसत नाहीं. म्हणूनच टाचेंतून थेंबभर रक्त घेऊन पाहतात. त्या टोंचणीवर कुरकुरणाऱ्या आज्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें.

यास्तव कळा सुरू झाल्यावर आईची साखर सुमारें दर तासाला तपासतात व ती शंभर मिलिलिटर रक्तांत साधारण ७० ते १२५ मिलिग्रॅम राखतात. कळा देतांना गर्भाशयाचे स्नायू साखर खर्चितात आणि पोटांत अन्न नसतें, म्हणून ग्लुकोज. तें अंगीं लागावें व रक्तांत सांचूं नये, म्हणून इन्सुलिन. ज्या स्त्रीच्या शरीरांत इन्सुलिन मुळींच तयार होत नाहीं, तिला 'ती उपाशी आहे, मग औषध कशाला?' म्हणून तें बंद केलें, तर रक्त आम्ल होऊन जिवावर बेततें. १९२२ सालीं टोरांटो येथें इन्सुलिनचा उपचार सुरू होण्यापूर्वीं मधुमेही स्त्रीस मूल होणें हेंच मुळीं विरळा. आणि झालें तरी दोन्ही जीव टांगणीला लागत.

खरी सावधगिरी पुढेंच हवी. गर्भारपणांत वार इन्सुलिनला विरोध करणारीं द्रव्यें रक्तांत सोडीत असते. ती पडली कीं इन्सुलिनची गरज एकदम घसरते. पूर्वीचीच मात्रा चालू राहिली, तर त्याच रात्रीं बाळंतिणीला घाम सुटतो, कांपरें भरतें, बोलणें असंबद्ध होतें. आणि घरचीं माणसें थकवा समजून तिला निजूं देतात! अशा वेळीं ताबडतोब परिचारिकेस हांक मारावी.

बाळाला अर्ध्याएक तासांतच आईचा चीक पाजावा. तो टाकून देऊन मधाचें बोट चाटविण्याची चाल आपल्याकडे अद्यापि आढळते; वर्षाच्या आंतील मुलास मध विषबाधक ठरूं शकतो.

जिला मधुमेह गर्भारपणींच जडला, तिचें इन्सुलिन बहुधा प्रसूतीनंतर थांबवितात. तरीही सव्वा महिना उलटल्यावर, निदान तीन महिन्यांच्या आंत, पुन्हां तपासणी करावी, आणि पुढेंही दर एक ते तीन वर्षांनीं. माहेरच्या पाहुणचारांत ती पहिलीच तपासणी बहुधा राहून जाते.