अणुभट्टी आणि यंत्रविशारद

अणुशक्तीचें नांव निघालें कीं डोळ्यांपुढें पदार्थविज्ञानाचा पंडित उभा राहतो. परंतु अणुभट्टी चालते ती नळ, पाणी व धातु यांच्या मेळावर. आणि तो मेळ राखणें हें यंत्रविशारदाचें काम होय. डॉ. अनिल काकोडकर यांचें कार्य याची साक्ष देतें. मुंबईच्या व्हीजेटीआय संस्थेंत यांत्रिक अभियांत्रिकी शिकून ते १९६४ सालीं ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रांत रुजू झाले. तेथील ‘ध्रुव’ या १०० मेगावॅटच्या भट्टीच्या उभारणींत त्यांचा मोठा वाटा होता.

८ ऑगस्ट १९८५ रोजीं ती पेटली खरी. पण इंधन थंड ठेवण्यासाठीं वेगानें वाहणाऱ्या जड पाण्यानें इंधनाच्या कांड्या थरथरूं लागल्या व त्या पाण्यांतील किरणोत्सर्ग वाढला. भट्टी पूर्ण शक्तीनें चालविणें अशक्य झालें. दोष अणूचा नव्हता, कांडीच्या बैठकीचा होता! देशांतल्याच यंत्रज्ञांनीं तो शोधून कांड्यांची रचना सुधारली, आणि १९८८ च्या जानेवारींत भट्टीनें पूर्ण शक्ति गांठली.

पुढें २००० ते २००९ काकोडकर अणुशक्ति आयोगाचे अध्यक्ष होते. अणूचें सामर्थ्य अफाट खरें. पण तें माणसाच्या उपयोगीं पडतें तें कांडी नीट बसविणाऱ्या हातांमुळेंच.