आज्याची जनुकं, नातवाची शुगर

‘आमच्या घराण्यातच शुगर आहे’, हे पनवेलजवळच्या गव्हाणमध्ये काय किंवा पुण्यात काय, सहज ऐकू येतं. खोटं नाही ते. आईवडिलांपैकी एकाला टाइप 2 मधुमेह असला तर मुलाला पुढेमागे तो होण्याची शक्यता साधारण 40 टक्के; दोघांनाही असला तर 70च्या घरात.

मात्र इथे गुन्हेगार एकटा नाही. शेकडो जनुकांतले बारीक फरक थोडी थोडी भर घालतात. त्यातलं वजनदार जनुक म्हणजे टीसीएफ7एल2. त्यातल्या फरकामुळे स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी पाझरतं. त्याचा माग 2006 मध्ये आइसलँडमध्ये लागला. पुढच्याच वर्षी हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे डॉ. गिरिराज चांडक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना भारतीय रुग्णांतही तोच धागा सापडला.

याच याज्ञिकांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि गाजला. शेजारी ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2! दिसायला सडसडीत, आतून चरबीदार, ही आपली ठेवण. पुण्याकडच्या खेड्यांत सरासरी 2.7 किलोची बाळंसुद्धा अशीच निघाली. पण हा सगळा दोष जनुकांच्या माथी मारता येत नाही. गरोदरपणी आईच्या ताटात काय होतं, तेही बाळाच्या अंगात उतरतं.

आता गव्हाणकडे बघा. 1970 मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी आली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घ्यायचं ठरलं. या पट्ट्यातला आजा भाताची लावणी करायचा, मिठागरात राबायचा, खाडीत उतरायचा. नातू गाडीवर बसून कामाला जातो आणि खुर्चीवर दिवस काढतो. दोन पिढ्यांत जनुकं बदलत नसतात. बदलली ती मेहनत आणि थाळी. आज्याच्या अंगातही तीच जनुकं होती. चिखलात राबणाऱ्या देहात त्यांना फारसा वाव मिळत नव्हता, इतकंच.

महागड्या जनुकीय चाचणीची सामान्य माणसाला गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या संस्थेने 2005 मध्ये मधुमेहाचा धोका जोखणारी चार प्रश्नांची, 100 गुणांची सोपी मोजणी दिली. त्यात आईवडिलांच्या मधुमेहाला जास्तीत जास्त 20 गुण आहेत. पोटाचा घेर आणि बैठेपणा यांना मिळून 50. घरात शुगर असेल तर तिशीतच सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या. पुरुषांनी 90, बायकांनी 80 सेंटिमीटरच्या पुढे कंबर जाऊ देऊ नये.