चलथाणचा ऊस आणि रिझर्व्ह बँक

सुरतजवळच्या चलथाणच्या सहकारी साखर कारखान्यामागे रिझर्व्ह बँकेच्या शेतीकर्जाच्या धोरणाचा मोठा इतिहास आहे. बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली तेव्हाच तिला शेतीकर्जाचा स्वतंत्र विभाग होता. जगातल्या मध्यवर्ती बँकांत ही दुर्मीळ गोष्ट. नोटा चलनात आणणं नि सरकारचं खातं सांभाळणं एवढ्यावर ती थांबली नाही. १९४३ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४९ मध्ये बँक सरकारी मालकीची झाली. पुढे बँकेनंच नेमलेल्या गोरवाला समितीनं खेड्यातलं कर्ज तपासलं. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ तिचे सदस्य होते. सावकाराचा विळखा किती घट्ट आहे ते १९५४ च्या अहवालात आकड्यांनिशी आलं आणि सहकारी पतपुरवठ्याला बळ मिळालं.

१९८२ मध्ये शेतीकर्जाचं काम रिझर्व्ह बँकेकडून नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासाच्या बँकेकडे गेलं.

दक्षिण गुजरातच्या उसाच्या फडात मात्र धुळे-नंदुरबारचा तोडणी कामगार आजही मुकादमाची उचल घेऊन येतो, आणि हंगामभर ती फेडत राहतो. शेतकऱ्यापर्यंत पोहोचलेलं स्वस्त कर्ज कोयत्यापर्यंत पोहोचलेलं नाही.