पार्ट टू कुठे फसतो?

'रोबोट' टीव्हीवर लागला की आपल्याकडची मंडळी तो अर्ध्यातूनही बघायला बसतात. आग लागलेली इमारत असो, डास पकडायला निघालेला चिट्टी असो, पुढचं सगळं पाठ असलं तरी रिमोट कोणी हलवत नाही. त्याचाच पुढचा भाग '२.०' लागला तर मात्र जाहिरात येण्याआधीच चॅनेल बदलतं. दोन्हींचा दिग्दर्शक एकच, शंकर. नायक एकच, रजनीकांत. म्हणजे बंगळूरच्या मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड. पहिला २०१० सालचा, दुसरा २०१८ सालचा. दुसऱ्यावर पैसा कितीतरी जास्त ओतलेला. भारतातल्या सर्वांत महागड्या चित्रपटांत त्याची गणना झाली. मग गडबड कुठे झाली?

हे समजून घ्यायचं तर आधी विज्ञानपट चालतो कशावर, ते बघावं लागेल. गुप्तहेराच्या पिक्चरला दुसरा भाग काढणं तसं सोपं. हेर तोच, खून नवा. कौटुंबिक पिक्चरलाही जमतं. मुलं मोठी झाली, सुना आल्या, भांडणं नव्याने सुरू. विज्ञानपटाचं भांडवल मात्र एकच असतं: एक गृहीतक. माणसासारखं यंत्र बनलं तर? भविष्यातून मारेकरी आला तर? परग्रहावरचं कोणी आपल्या अंगणात उतरलं तर? प्रेक्षक ही एक गोष्ट निमूटपणे मान्य करतो आणि त्या बदल्यात पुढचं सगळं त्या गृहीतकातूनच आलं पाहिजे अशी अट घालतो. पहिला भाग चांगला असेल तर तो हे भांडवल जवळपास संपवूनच थांबतो. दुसऱ्या भागाच्या लेखकाला रिकाम्या तिजोरीपासून सुरुवात करावी लागते.

'रोबोट'चंच बघा. डॉ. वसीगरन चिट्टी नावाचा यंत्रमानव बनवतो. चिट्टी सांगितलेलं सगळं करतो, पण समजून काही करत नाही. आगीचा प्रसंग आठवा. जळत्या इमारतीतून चिट्टी एकेकाला उचलून बाहेर आणतो. त्यात अंघोळ करत असलेली एक मुलगीही असते. यंत्राच्या दृष्टीने ती वाचवायची एक व्यक्ती, बस. तो तिला आहे त्या अवस्थेत कॅमेऱ्यांसमोर आणून ठेवतो. ती लाजेने पळत सुटते आणि गाडीखाली येऊन मरते. तिचा जीव वाचवावा हे चिट्टीला कळत होतं, लाज म्हणजे काय ते कळत नव्हतं. एवढा क्रूर आणि एवढा नेमका प्रसंग हिंदी-तमिळ व्यावसायिक सिनेमात क्वचितच सापडेल. पुढची सगळी गोष्ट याच एका उणिवेतून निघते. वसीगरन त्याला भावना शिकवतो. भावना आल्या म्हणून चिट्टी वसीगरनच्याच प्रेयसीच्या, सनाच्या, प्रेमात पडतो. प्रेमात पडला म्हणून लष्करी अधिकाऱ्यांसमोर भलतंच बोलून बसतो. वसीगरन संतापून त्याचे तुकडे करतो. टाकून दिलेले ते तुकडे खलनायक बोहराच्या हाती लागतात आणि तो त्यात विध्वंसाची लाल चिप बसवतो. कडी कडीत अडकलेली. शेवटी चिट्टी स्वतःच्या हाताने स्वतःला सुटं करतो आणि २०३० साली एका संग्रहालयात उभा दिसतो. तुला मोडीत का काढलं, असं शाळेतली एक मुलगी विचारते आणि तो सांगतो की मी विचार करायला लागलो होतो म्हणून. इथे गोष्ट पुरी झाली. या पिक्चरच्या संवादलेखनात तमिळ लेखक सुजाता यांचा हात होता. हे पेशाने अभियंते, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये मतदान यंत्राच्या कामाशी जोडलेले. पिक्चर पडद्यावर येण्याआधीच, २००८ साली, ते वारले.

आता '२.०'. लोकांच्या हातातले मोबाइल उडून जातात. त्यामागे पक्षिराजन नावाचा पक्षीतज्ज्ञ आहे. टॉवरच्या लहरींमुळे पक्षी मरतात म्हणून खचून त्याने टॉवरवरच गळफास घेतलेला. मेल्यावर त्याची आणि पक्ष्यांची ऊर्जा एकत्र येऊन हा राक्षसी पक्षी तयार झालेला. अक्षयकुमारने काम जीव ओतून केलंय आणि पूर्वायुष्याचा भाग हळवाही आहे. (चिमण्या कमी झाल्याचं खापर एकट्या मोबाइल टॉवरवर फोडण्याइतका पुरावा विज्ञानाकडे नाही, ते सोडून देऊ, सिनेमाला तेवढी सूट असते.) खरी अडचण दुसरीच आहे. या संकटाचा चिट्टीशी काही संबंध नाही. संकट पक्ष्यांचं, उत्तर यंत्रमानवाचं. चिट्टीच्या जागी रणगाडा आणला असता तरी गोष्ट फारशी बदलली नसती. पहिल्या भागात तो स्वतःच प्रश्न होता, दुसऱ्यात तो हत्यार झाला. त्यात गृहीतकाचा नियमही मोडला. यंत्राच्या जगात प्रभामंडळ आणि अतृप्त आत्मा शिरले. प्रेक्षकाने यंत्रमानव मान्य केला होता, भूत मान्य केलं नव्हतं. भूतच बघायचं तर 'झपाटलेला' काय वाईट?

मग नुसत्या गोष्टीवर भागेना, म्हणून आकार वाढवला. एका चिट्टीच्या जागी लाल चिपवाला, मग त्याचे बोटभर छोटे अवतार, शिवाय नीला नावाची यंत्रमुलगी. सगळं थ्रीडीत चित्रित. आवाजासाठी रसूल पूकुट्टींनी अशी व्यवस्था आखली की खुर्चीखालूनही ध्वनी यावा. मोठ्या थिएटरात हे अंगावर येतं, यात शंका नाही. पण विदर्भातल्या मारेगावसारख्या गावात पिक्चर पोचतो तो हिंदी डबिंगमधून, घरातल्या टीव्हीवर किंवा मोबाइलच्या पडद्यावर. तिथे थ्रीडी गेलं, खुर्चीखालचा आवाज गेला, आकार वीतभर झाला. उरली फक्त गोष्ट. त्यामुळे माझं मत असं की सिक्वेलची परीक्षा घ्यायची तर ती शहरातल्या मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या दिवशी घेऊ नये. तालुक्याच्या गावी, वर्षभराने, टीव्हीवर घ्यावी. जो तिथे टिकला तो टिकला.

मात्रा वाढवत नेण्याचा हा उपाय का फसतो, हे कपाशीच्या पट्ट्यात वेगळं सांगायला नको. बोंडअळीला मारणारं एक जनुक घेऊन बीटी कपाशी २००२ साली आली. २००६ साली दोन जनुकांचं बोलगार्ड टू आलं. आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाची बोंडं पोखरली, कारण अळी सरावली होती. प्रेक्षकही तसाच सरावतो. १९९३ सालच्या 'ज्युरासिक पार्क'मध्ये पहिला डायनासोर दिसला तेव्हा लोकांचा श्वास अडकला होता. १९९७ च्या दुसऱ्या भागात त्याहून जास्त डायनासोर होते आणि धक्का त्याहून कमी. 'मेट्रिक्स'चंही तेच. १९९९ साली कळलं की हे जग खोटं आहे. एकदा कळलेलं पुन्हा कळत नाही. २००३ साली एकाच वर्षात दोन पुढचे भाग आले, तेव्हा खलनायक स्मिथ एकटा होता त्याच्या जागी शेकडो स्मिथ उभे केले. मारामारी लांबली, प्रश्न तिथेच राहिला.

पण दरवेळी असं होत नाही, आणि जिथे झालं नाही तिथे काय केलं ते बघण्यात खरी गंमत आहे. १९८४ सालचा 'टर्मिनेटर' तसा स्वस्तातला पिक्चर. भविष्यातलं यंत्र सारा नावाच्या बाईला मारायला येतं, कारण तिचा होणारा मुलगा पुढे यंत्रांविरुद्ध लढणार असतो. तिला वाचवायला आलेला सैनिकच त्या मुलाचा बाप ठरतो. वर्तुळ पूर्ण. आता यात पुढे काय करणार? जेम्स कॅमेरॉनने १९९१ साली दहा पटींहून जास्त पैसा खर्चून दुसरा भाग काढला. पारा वाहावा तसा वाहणारा नवा मारेकरी टी-थाऊजंड सगळ्यांना आठवतो. तरी संगणकाने केलेली दृश्यं अख्ख्या पिक्चरमध्ये जेमतेम काही मिनिटांची आहेत. खरी करामत कथेत आहे. पहिल्या भागाच्या शेवटी कारखान्यातल्या प्रेसखाली यंत्र चिरडलं होतं. त्याचा एक हात आणि चिप मागे उरली. दुसरा भाग म्हणतो, ती चिप एका कंपनीने कपाटात जपून ठेवली आणि तिच्यावर संशोधन करूनच पुढे माणसांवर उलटणारी यंत्रणा तयार होणार. म्हणजे पहिल्या भागात जो विजय वाटला त्याच विजयाचा उरलेला तुकडा दुसऱ्या भागातलं संकट झाला. नियम तेच, गृहीतक तेच, फक्त त्याचा न पाहिलेला परिणाम समोर आणला.

शिवाय प्रश्नही बदलला. मारायला आलेलं यंत्र आता पोराला सांभाळायला आलंय. यंत्राला जिवाची किंमत शिकवता येते का? शेवटी टी-थाऊजंड वितळलेल्या लोखंडात संपतो, पाठोपाठ जुना हात आणि जुनी चिपही त्यात टाकतात. सगळे सुटकेचा श्वास सोडतात, तेव्हा टर्मिनेटर स्वतःच्या डोक्याकडे बोट दाखवतो: अजून एक चिप शिल्लक आहे. स्वतःला संपवण्याची त्याला मुभा नाही, म्हणून साराने साखळीने त्याला त्या रसात खाली सोडायचं. गृहीतकाशी इतकं प्रामाणिक राहिलेला शेवट फार कमी पिक्चरना साधलाय. २००३ साली तिसरा भाग आला आणि त्याने ते संकट फक्त पुढे ढकललं गेलं होतं असं जाहीर करून टाकलं. दुसऱ्या भागाने कमावलेलं तिसऱ्याने असं एका वाक्यात घालवलं.

कॅमेरॉनने हीच युक्ती त्याआधी दुसऱ्याच्या पिक्चरवर वापरून पाहिली होती. रिडली स्कॉटचा 'एलियन' १९७९ सालचा: बंद यान, एक प्राणी, एकेक माणूस कमी होत जाणारा. त्यात अंडी भरपूर दिसतात, पण ती घातली कोणी हे कोणी विचारत नाही. १९८६ च्या 'एलियन्स'ने नेमकं तेच विचारलं. उत्तरात राणी आली. सत्तावन्न वर्षं गोठलेल्या झोपेत गेलेली नायिका रिप्ले आणि तिच्या पदराशी आलेली अनाथ पोर न्यूट एका बाजूला, अंडी राखणारी राणी दुसऱ्या बाजूला. भयपटाचा युद्धपट झाला आणि युद्ध दोन आयांचं निघालं. प्राण्यांची संख्या इथेही वाढवलीच आहे, पण त्या संख्येला कारण आहे.

आपल्याकडे हे सूत्र अर्धवट का होईना, राकेश रोशन यांना सापडलं होतं. 'कोई मिल गया' २००३ चा. उन्हावर शक्ती मिळवणारा परग्रहवासी जादू बुद्धीने मागे पडलेल्या रोहितला शक्ती देऊन जातो. गोष्ट तिथेच संपत होती. २००६ च्या 'क्रिश'ने विचारलं, ही शक्ती रक्तातून पुढे गेली तर? रोहितचा मुलगा कृष्णा, त्याला जगापासून लपवून डोंगरात वाढवणारी आजी. आजीची भीती अगदी रास्त आहे: शक्तीपायी मुलगा गमावला, आता नातू गमवायचा नाही. भविष्य दाखवणारं यंत्र आणि त्यात स्वतःचं मरण बघितलेला डॉ. आर्य, हा भागही कल्पक आहे. पहिल्या भागात पेरलेलं दुसऱ्यात उगवलं. २०१३ च्या 'क्रिश ३' मध्ये खलनायक काल हा रोहितच्याच अंशातून तयार झालेला दाखवलाय, म्हणजे धागा हातात होता. पण त्याभोवती जिभेने झेपावणारे, रूप बदलणारे 'मानवर' इतके गोळा केले की तो धागा दिसेनासा झाला. पिक्चर चालला, गल्ला झाला. आज मात्र पोरं गुणगुणतात ती जादूची धून.

मराठीत या स्पर्धेत उतरायला खेळाडूच नाहीत. जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर अशी विज्ञानकथेची भक्कम फळी असलेल्या भाषेत विज्ञानपट बोटांवर मोजण्याइतके. सुजय डहाके यांचा 'फुंतरू' २०१६ साली येऊन गेला, बहुतेकांना आठवतही नाही. त्याचा पुढचा भाग निघण्याचा प्रश्नच आला नाही. जवळपासचं उदाहरण शोधायचं तर पुन्हा 'झपाटलेला'च. महेश कोठारे यांचा १९९३ चा पिक्चर, रामदास पाध्ये यांचा बाहुला, आणि वीस वर्षांनी २०१३ साली थ्रीडीत आलेला 'झपाटलेला २'. विज्ञान नाही, मंत्र आहे. पण यंत्रणा विज्ञानपटाचीच. बाहुल्यात शिरलेल्या तात्या विंचूला पुन्हा माणूस व्हायचं तर ज्याला आधी गुपित सांगितलं त्याच्याच शरीरात जावं लागतं आणि त्याला मारायचं तर भुवयांच्या मध्येच गोळी लागली पाहिजे. पहिला भाग नियमांना जागला म्हणून हसवताना घाबरवूनही गेला. दुसऱ्यात बाहुला तोच, नियम तेच, लक्ष्याचा मुलगा नायक. नवा प्रश्न एकही नाही. त्यातून पहिल्या भागातला लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, नाहीत. ती पोकळी थ्रीडीच्या चष्म्याने कशी भरणार?

सगळं समजावून सांगणारा सिक्वेल ही आणखी एक जात आहे, तिच्याबद्दल थोडक्यात. १९६८ च्या '२००१ : अ स्पेस ओडिसी'त हॅल नावाचा संगणक माणसं मारायला लागतो, का, ते पिक्चर सांगत नाही. १९८४ च्या '२०१०' ने सांगितलं की त्याला खोटं बोलायचा हुकूम होता, त्या ओढाताणीत तो बिघडला. उत्तर तर्काला धरून आहे, पिक्चरही नेटका आहे. पण हॅलची भीती त्या उत्तराने कमी झाली, हे कबूल करावं लागतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुठलाही पार्ट टू बघताना मध्यंतरापर्यंत एकच तपासा. आताचं संकट पहिल्या भागाच्या गृहीतकातून आलंय की बाहेरून आणून चिकटवलंय? बाहेरून आणलेलं असेल तर उरलेला वेळ फक्त आकारमान बघण्यात जाणार, हे धरून चाला. आणि घरी टीव्हीवरच बघायचं असेल तर 'टर्मिनेटर'चे पहिले दोन भाग क्रमाने बघा, तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नका. 'रोबोट' कितीही वेळा बघा. '२.०' मात्र एखाद्या थिएटरने पुन्हा थ्रीडीत लावला तरच बघा, घरी नको.