ऑपरेशनला जाताना पिशवीत काय भरावे?



गुडघ्याचे किंवा हर्नियाचे ऑपरेशन ठरले की घरात पहिली तयारी टॉवेल, साबण आणि कपड्यांची होते. मी अनेक वर्षे वॉर्डात नर्स म्हणून काम केले. बॅग गच्च भरलेली, पण रोज कोणत्या गोळ्या घेता असे विचारले की "एक पांढरी, एक गुलाबी" असे उत्तर, हे मी कितीदा तरी ऐकले आहे. कपडे विसरले तर हॉस्पिटलचा पायजमा मिळतो. म्हणून आधी गोळ्यांचे बघू.

गोळ्यांची यादी

"कुपात होलिमच्या कॉम्प्युटरमध्ये सगळे आहे," असे आपण म्हणतो. तिथे इथल्या डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे असतात. मुंबईहून भाच्याने आणलेल्या गोळ्या त्यात नसतात. आपली फसगत इथेच होते, कारण औषध एकच आणि नावे दोन. तिकडची इकोस्प्रिन आणि इथली मायक्रोपिरिन, दोन्ही अस्पिरिनच. तिकडची क्रोसिन आणि इथले अकामोल, दोन्ही पॅरासिटामॉल. तिकडची ग्लायकोमेट आणि इथली ग्लुकोमिन, दोन्ही साखरेची मेटफॉर्मिन. दोन्ही घेणाऱ्याच्या पोटात दुप्पट औषध जाते.

अस्पिरिन, प्लाविक्स, कुमादिन, एलिक्विस ही औषधे रक्ताची गुठळी होऊ देत नाहीत. त्यामुळे ऑपरेशनमध्ये रक्तस्राव वाढू शकतो. काही पेशंटांना ती आधी बंद करायला सांगतात, काहींना चालू ठेवायला. हृदयात स्टेंट असेल तर स्वतःच्या मनाने बंद करणे जिवावर बेतू शकते. म्हणून ऑपरेशनपूर्वीच्या तपासणीला जातानाच घरातली सगळी औषधे खोक्यांसकट एका पिशवीत घालून न्या. आयुर्वेदिक चूर्ण, हळदीच्या किंवा लसणाच्या कॅप्सूल, डोळ्यांचे थेंब, इन्सुलिन, सगळे दाखवा. कोणते औषध कधी थांबवायचे आणि परत कधी सुरू करायचे, हे लिहून घ्या. कोणत्या औषधाची अॅलर्जी असेल तर ती यादीत सर्वांत वर, लाल शाईने लिहा.

कागदपत्रे

तेउदत झेहूत, कुपात होलिमचे कार्ड, तपासण्यांचे रिपोर्ट आणि तोफेस 17. हा फॉर्म म्हणजे खर्च कुपा देईल अशी हमी. त्यावरचे हॉस्पिटलचे नाव, विभाग आणि तारीख नातवाकडून आधीच वाचून घ्या. चूक असेल तर ती दुरुस्त करायला वेळ हाताशी हवा. संमतीच्या कागदावर सही करण्यापूर्वी समजेल असे समजावून घेणे हा 1996 च्या पेशंटांच्या हक्कांच्या कायद्याने तुम्हाला दिलेला अधिकार आहे. मुलाला किंवा सुनेला त्या वेळी जवळ बसवा.

चष्मा, कानाचे यंत्र, कवळी

तिन्हींच्या डब्या न्या आणि त्यांवर नाव लिहा. ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसाचा एक-दोन दिवस, कधी जास्तही, गोंधळ उडू शकतो. आपण कुठे आहोत ते कळत नाही, माणसे ओळखू येत नाहीत. हे वेड नव्हे. दिसत नाही, ऐकू येत नाही, तेव्हा हा गोंधळ वाढतो. शुद्धीवर आल्यावर चष्मा आणि कानाचे यंत्र लगेच मागा. घरच्यांना असा बदल दिसला तर त्यांनी तो नर्सला सांगावा.

मराठी शब्दांचा कागद

एरवी बाजारात भराभर हिब्रू बोलणारा माणूस दुखण्यात, रात्रीच्या वेळी, मराठीवर येतो. नर्स रशियन किंवा अरबी बोलणारी असते. नातवाला सांगून एक कागद करा. "दुखतंय", "पाणी", "मळमळतंय", "चक्कर येतेय", "लघवीला जायचंय", "श्वास लागतोय" हे शब्द हिब्रू अक्षरांत आणि शेजारी त्यांचा हिब्रू अर्थ. कागद पलंगाजवळ चिकटवा. तुम्ही मराठीत हाक मारली तरी तिला कळेल.

कपडे आणि दागिने

पुढून उघडणारा सैल गाऊन किंवा सदरा घ्या. मागून बंद, रबरी तळाच्या सपाता घ्या. सैल चपलांनी माणूस पडतो. फोनचा चार्जर, सिद्दूर आणि हवी तर किप्पा घ्या. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या घरी ठेवा. रक्त थांबवायला जे विजेचे यंत्र वापरतात, त्यामुळे धातूखाली भाजण्याचा धोका असतो. शिवाय बोट सुजले तर अंगठी रुतते. अंगठी निघत नसेल तर आठवडाभर आधी सोनाराकडे जा. नखांचे पॉलिश काढा, कारण रक्तातला प्राणवायू बोटावरून मोजतात.

उपास आणि खाणे

ऑपरेशनपूर्वीचा उपास किप्पुरच्या रोजासारखा नसतो. साधारणपणे जेवण सहा ते आठ तास आधी बंद करतात. साधे पाणी बऱ्याचदा दोन तास आधीपर्यंत चालते. पण तुम्हाला मिळालेल्या कागदावर जी वेळ असेल तीच पाळा. सकाळची रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची की नाही, तेही विचारून ठेवा. घरचा डबा नर्सला विचारल्याशिवाय उघडू नका.

परत येताना

शुक्रवारी सोडले तर शाबाथ येण्यापूर्वी फार्मसी बंद होते आणि बसही थांबतात. औषधे कोण आणणार आणि गाडी कोणाची, हे ऑपरेशनच्या आधीच ठरवा. घरी पोचल्यावर सुट्टीच्या पत्रातली नवी औषधे जुन्या यादीशी ताडून पाहा. शंका असेल तर आपल्या कुपातल्या डॉक्टरांना किंवा फार्मसिस्टला विचारा.

यादीचा कागद मात्र आजच करून पाकिटात ठेवा. अचानक अॅम्ब्युलन्स बोलवावी लागली तरी तो बरोबर असेल.

ज्यांचे ऑपरेशन जवळ आले आहे, त्या सर्वांना रफुआ श्लेमा.